कुठल्या घराण्याचा इतिहास?



गेल्या महिन्यातल्या शनिवारच्या बैठकीत एकीनं पिशवीतून घडी घातलेलं पत्रक काढलं. 'आपल्या घराण्याचा इतिहास लिहा' अशी स्पर्धा होती. दोन हजार शब्द, कागदाच्या एकाच बाजूला, सुवाच्य अक्षरात, सोबत वंशावळ जोडणं आवश्यक. पत्रकाच्या मागे अर्ज छापलेला. घराण्याचं नाव, मूळ गाव, कुलदैवत, मूळ पुरुष, स्पर्धकाचं मूळ पुरुषाशी नातं, असे एकाखाली एक रकाने. आमची मैत्रीण बॉलपेन हातात धरून पहिल्याच रकान्याशी अडली होती.

"कुठल्या घराण्याचा लिहू?" तिनं विचारलं. "माहेरच्या वंशावळीत मी 'दिली' म्हणून संपते. सासरच्या वंशावळीत 'केली' म्हणून सुरू होते."

सगळ्या हसलो. मग एकेक करून गप्प झालो. त्या दिवशी ठरलेला विषय बाजूला राहिला आणि दोन तास आम्ही त्या अर्जावरच बोलत बसलो. त्या बोलण्यातलं बरंचसं तुमच्यापर्यंत पोचवावं म्हणून या अंकाचं संपादकीय त्यावरच लिहिते आहे.

अशा स्पर्धेत आपण भाग घ्यावा का? आमचं उत्तर आधीच सांगून टाकते. घ्यावा, जरूर घ्यावा. पण अर्जातल्या रकान्यांच्या मापानं आपलं आयुष्य बेतून घेऊ नये.

घराण्याचा इतिहास लिहिण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. छापील कुलवृत्तांत आहेत, नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत, दक्षिण महाराष्ट्रात घरोघर फिरून पिढ्या वाचून दाखवणारे हेळवी आहेत. या लोकांनी चिकाटीनं केलेलं काम मोलाचं आहे, ते नाकारायचं कारण नाही. पण एखादा कुलवृत्तांत उघडून बघा. मुलग्याच्या नावाला क्रमांक असतो आणि त्याच्याखाली पुढची पिढी सुरू होते. मुलीच्या नावापुढे सासरचं आडनाव लिहिलं की ओळ बंद. सुनेची नोंद असते ती बहुतेक वेळा 'अमक्याची कन्या' इतकीच. ती काय करत होती, कशानं गेली, किती बाळंतपणं झाली, किती मुलं जगली, हे तिथे मिळत नाही.

आपल्या चिंचवडचंच घ्या ना. मोरया गोसावींपासूनची देव घराण्याची परंपरा बापाकडून मुलाकडे अशी नावानिशी सांगितली जाते. चापेकर बंधूंची नावं इथलं शाळकरी पोर घडाघडा म्हणून दाखवतं. १८९८ आणि १८९९ या दोन वर्षांत एकाच घरातले तीन भाऊ फासावर गेले. त्या घरात मागे राहिलेल्या बायकांनी पुढचे दिवस कसे काढले, असं त्याच पोराला विचारलं तर ते आपल्या तोंडाकडे बघत राहतं. त्याला दोष कसा द्यायचा? आपणही त्याला कधी ते सांगितलेलं नाही.

त्यातून आपल्यापैकी अनेकींचं तर नावही एकच नाही. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहिलं गेलं आणि वीस-बावीस वर्षं ज्या नावाला आपण 'ओ' दिली, ते नाव शाळेच्या दाखल्यावर राहिलं. बैठकीतल्या एकीला तिच्या आजीचं माहेरचं नाव माहीत नव्हतं. तिनं घरी जाऊन आईला विचारलं. आईलाही आठवेना. एका बाईचं नाव पुसलं जायला दोन पिढ्या पुरल्या. दुष्काळ नाही, लढाई नाही, आग नाही. साधं, रीतसर, वाजत-गाजत झालेलं लग्न पुरलं.

आता थोडं बदलतं आहे. महाराष्ट्र शासनानं २०२४ मध्ये निर्णय घेतला आणि १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम आला. ही गोष्ट छोटी नाही. पण आईचं नाव पुढे जाईल ते आजच्या बाळापासून. मागच्या पिढ्यांतल्या आयांची नावं शोधून लिहायचं काम कुठलंही सरकार करणार नाही. ते आपल्यालाच करावं लागेल.

वंशावळ या शब्दाला मध्यंतरी भलतंच वजन आलं. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि घरोघरी जुनी दप्तरं निघाली, मोडी वाचणाऱ्यांना मागणी आली. त्या मागणीच्या बाजूनं किंवा विरुद्ध इथे काही म्हणायचं नाही. नजरेत भरलं ते एवढंच, की कागद शोधताना सगळे पणजोबा, खापरपणजोबा असे वर वर चढत होते. त्या शिडीला एकही पणजी लागली नाही.

*

आता आपल्या भागाचा विचार करू. 'मूळ गाव' या रकान्यात इथल्या बाईनं काय लिहायचं? पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं, पाठोपाठ मोटारींचे, स्कूटरचे, बेअरिंगचे कारखाने आले. १९७० मध्ये नगरपालिका, १९८२ मध्ये महानगरपालिका. साताऱ्याहून, सोलापूरहून, मराठवाड्यातून, खानदेशातून माणसं आली. या सगळ्या घरांचा इतिहास एकाच वाक्यानं सुरू होतो: "आमचे हे कंपनीत लागले."

ते वाक्य खोटं नाही. पण त्याच्या आधीचं आणि नंतरचं कुणी सांगायचं? आधीचं म्हणजे, भाड्याला पैसे हवेत म्हणून कुणाच्या पाटल्या मोडल्या. नंतरचं म्हणजे, दहा बाय दहाच्या खोलीत गावाकडचे दोन दीर, एक भाचा आणि त्याचा मित्र येऊन राहिले. तिन्ही पाळ्यांचे डबे एकाच स्टोव्हवर झाले. रात्रपाळी करून आलेल्याला झोप लागावी म्हणून तान्ह्या पोराला घेऊन कुणीतरी भर उन्हात बाहेर जिन्यात बसून राहिलं. युनियनचा संप झाला तेव्हा किराणा उधार कुणी आणला? घराण्याच्या इतिहासात संपाची तारीख सापडते, दुकानदाराकडे मान खाली घालून उभी राहिलेली बाई सापडत नाही.

पिंपरी कॅम्पात तर 'मूळ गाव' हा रकाना आणखीच अवघड होतो. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची ती वसाहत. ज्यांचं मूळ गाव सीमेपलीकडे गेलं त्यांच्या आज्यांनी बोटीत, आगगाडीत, छावणीत काय पाहिलं, हे बहुतेक घरांत अर्धंच बोललं गेलं. ऊर्वशी बुटालियांनी फाळणीवरचं 'दि अदर साइड ऑफ सायलेन्स' हे पुस्तक १९९८ मध्ये प्रसिद्ध केलं. त्या कामाची एक वाट त्यांच्या स्वतःच्या घरातून निघाली होती. लाहोरला मागे राहिलेला मामा आणि त्याच्यासोबत राहिलेली आजी, यांच्याविषयी घरात पाळल्या जाणाऱ्या मौनाकडे त्या वळल्या. एका कुटुंबाची गोष्ट नीट विचारली, तर ती देशाच्या इतिहासापर्यंत पोचते, ती अशी.

*

आणि आता त्या मैत्रिणीविषयी. तिच्या परवानगीनं लिहिते आहे, नावगाव सांगत नाही.

तिचं माहेर चाकणच्या बाजूचं. वडिलांची थोडी बागायत, बाकी जिरायत. कांदा हे नगदी पीक. वडील गेले, आणि काही वर्षांनी शिवारात कारखान्यांसाठी जमिनी घेतल्या जाऊ लागल्या. २००६ मध्ये भाऊ तिला न्यायला आला. "तुझी सही लागते म्हणतात," एवढंच म्हणाला. तालुक्याच्या गावी जाऊन तिनं आणि तिच्या दोन्ही बहिणींनी सह्या केल्या. आईनं अंगठा दिला. कागद कुणी वाचला नाही, कुणी वाचून दाखवला नाही. सगळ्यांनी मिळून मिसळ खाल्ली. भावानं तिघींना साड्या घेतल्या. ते हक्कसोडपत्र होतं, हे तिला पुष्कळ नंतर कळलं.

कायदा काय सांगत होता? १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंही बापाच्या वाट्यात मुलीचा हिस्सा होता. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः हक्क दिला, पण त्या वर्षीच्या २२ जूनआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभरच्या दुरुस्तीनं ती अट गेली. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की त्या दिवशी वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क जात नाही. म्हणजे आमची मैत्रीण ज्या दिवशी सही करत होती, त्या दिवशी तिच्याकडे सोडण्यासारखं काहीतरी नक्कीच होतं. आणि एकदा नोंदवलेलं हक्कसोडपत्र सहजासहजी मोडत नाही, हेही स्पष्टपणे सांगायला हवं.

याच परिसराची आणखी एक आठवण आहे. चाकणजवळच्या आंबेठाणला शरद जोशींनी शेती केली. १९७९ मध्ये शेतकरी संघटना उभी राहिली आणि चाकणचा कांदा साऱ्या महाराष्ट्राला माहीत झाला. १९८६ मध्ये चांदवडला संघटनेचं मोठं महिला अधिवेशन भरलं, आणि पुढे 'लक्ष्मी मुक्ती'चा कार्यक्रम आला. नवऱ्यानं आपणहून जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करायचा. गावातल्या शंभर घरांनी असं केलं, की ते लक्ष्मी मुक्तीचं गाव. १९९२ मध्ये सरकारनंही परिपत्रक काढलं, की नवऱ्याची इच्छा असेल तर सातबारावर त्याच्या नावासोबत बायकोचं नाव लावता येईल. मग महाळुंगे, खालुंब्रे, निघोजे, सावरदरी, वासुली या शिवारांत कारखाने आले. जमीन बाईच्या नावावर लागेल अशी भाषा जिथे घडली, त्याच टापूत आमच्या मैत्रिणीनं न वाचता सही केली होती.

तर ती स्पर्धेसाठी लिहायला बसली. आजोबांची विहीर, कांद्याची चाळ, पोळ्याचे बैल, सगळं भरभर उतरलं. सहीच्या दिवसाशी पेन थांबलं. "हे लिहिलं आणि छापून आलं, तर भाऊ वाचेल," ती म्हणाली.

आमच्यातल्या दोघी-तिघी एकदम म्हणाल्या, "वाचू दे की!" त्यांतली एक मी होते. आज ते आठवून मला संकोच वाटतो. लिहून टाक म्हणायला आपलं काय जातं? तिच्या माहेराचा दरवाजा तो एकच आहे. दिवाळीची भाऊबीज, आईची आजारपणं, मुलीच्या लग्नातला मामा, सगळं त्या दरवाजातून येतं. तो बंद झाला, तर आमची बैठक काही तिचं माहेर होणार नाही. बाईनं खरं लिहावं असं म्हणताना त्या खऱ्याची किंमत कोण मोजणार, हे विचारायला आपण पुष्कळदा विसरतो. आणि भाऊ म्हणजे कुणी राक्षस नव्हे. जमीन गेल्यावर वर्षभर तो रोज सकाळी उठून, नसलेल्या शेताकडे चालत जायचा, हेही तिनंच सांगितलं.

तिनं काय केलं? ती आईकडे गेली आणि तो दिवस आईला विचारला. आई म्हणाली, "माझा अंगठा तरी कुठं मला विचारून घेतला होता?" पुढे आई बोलत राहिली. विहीर खणताना तिनं किती पाट्या दगड वाहिले, पोटात कोण होतं, मुकादम काय बोलला. आजोबांच्या विहिरीत आईचे हात होते, हे मुलीला बावन्नाव्या वर्षी कळलं. आता तिच्या लेखात सहीविषयी दोनच वाक्यं आहेत: "२००६ साली आम्ही तिघी बहिणींनी सही केली आणि आईनं अंगठा दिला. तो कागद आम्हाला वाचून दाखवला नव्हता." भावावर एक शब्द नाही. पाठवण्याआधी ती ते भावाला वाचून दाखवणार आहे. त्यातून काय निष्पन्न होईल, ते तिलाही ठाऊक नाही.

*

बायकांनी घरचा इतिहास लिहिला नाही असं नाही. लक्ष्मीबाई टिळकांकडे आठवणी मागितल्या गेल्या त्या त्यांच्या नवऱ्याच्या चरित्रासाठी. त्यांतून उभी राहिली 'स्मृतिचित्रे', १९३४ पासून निघालेली, आणि त्यात रेव्हरंड टिळकांइतक्याच लक्ष्मीबाईही आपल्याला भेटतात. फलटणच्या बेबी कांबळे किराणा दुकान चालवता चालवता लिहीत राहिल्या आणि घरच्यांपासून वह्या वर्षानुवर्षं लपवून ठेवल्या. त्यांचं 'जिणं आमुचं' एका बाईचं आत्मकथन तर आहेच, पण अख्ख्या महारवाड्याचा तो इतिहास आहे. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना शोधत गावोगाव गेल्या, त्यांना बोलतं केलं, आणि १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक आलं. तिथे तर कुलवृत्तांत नव्हते, ताम्रपट नव्हते, जमिनीही नव्हत्या. बायकांची आठवण होती आणि ती नीट ऐकून घेणाऱ्या दोघी होत्या.

तेव्हा 'आमच्या घरात लिहिण्यासारखं काय आहे?' असं म्हणू नका. कुठे शोधायचं, ते थोडक्यात सांगते.

सातबाराचा जुना उतारा काढा आणि 'इतर हक्क' हा रकाना वाचा. आई-बहिणींची नावं पुष्कळदा तिथे दडलेली असतात. तलाठ्याकडची फेरफार नोंद आणि वारसांची नोंदवही, म्हणजे गाव नमुना सहा-क, पाहा. कुणाचं नाव कधी लागलं आणि कधी कमी झालं, ते तारखेनिशी कळतं. शाळेचा दाखला, रेशनकार्ड, ई.एस.आय.च्या कार्डावरचा कुटुंबाचा फोटो, फंडाच्या कागदावरचं वारसाचं नाव, सावकाराची किंवा पतपेढीची दागिन्यांची पावती. भांड्यांवर घातलेली नावंसुद्धा वाचा. लग्नातल्या पितळी घागरीवर कधीकधी आजीचं माहेरचं नाव सापडतं.

आणि म्हाताऱ्या बायकांना ओव्या विचारा. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी आपल्या शेजारच्या मावळ-मुळशीपासून सुरुवात करून महाराष्ट्रभरच्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या आणि करवल्या. भाऊ, माहेर, सासुरवास, लेकीचा जन्म, दुष्काळ, सारं त्यांत आहे. लिहिता न येणाऱ्या बाईनं आपला इतिहास गात ठेवला होता. जातं गेलं तरी गळा अजून आहे, तोवर जा.

लिहिताना एक पथ्य मात्र पाळू या. आपली गोष्ट सांगण्याचा हक्क आपला. पण त्यात दुसऱ्या जिवंत बाईची झाकलेली दुखरी गोष्ट येत असेल, तर तिला आधी विचारायचं. ती नको म्हणाली, तर ते पान वहीत ठेवायचं, स्पर्धेत नाही. सगळंच छापायला हवं असं नसतं. लिहून ठेवणं मात्र हवं.

स्पर्धा घेणाऱ्या मंडळांनाही नम्र विनंती आहे. वंशावळीची सक्ती काढा, किंवा आईची, आजीची, पणजीची अशी वंशावळही चालेल असं छापा. 'मूळ पुरुष' असेल तर 'मूळ स्त्री'लाही एक रकाना द्या. जिला लिहिता येत नाही, तिनं सांगावं आणि नातीनं लिहावं, बक्षीस दोघींचं. परित्यक्ता बाई, एकटी बाई, माहेर-सासर दोन्हीकडून तुटलेली बाई कुठल्या घराण्यात बसत नसेल, तर ती आणि तिची मुलं हेच घराणं माना. आणि लेखिकेची लेखी संमती घेतल्याशिवाय एकही लेख छापू नका. बक्षीस मिळालं म्हणून ती सही गृहीत धरू नका. न वाचता सह्या करून झाल्या आहेत आमच्या.

राहता राहिला आमच्या मैत्रिणीचा अर्ज. 'घराण्याचं नाव' या रकान्यात तिनं शेवटी माहेरचं आणि सासरचं अशी दोन्ही आडनावं लिहिली आहेत. 'मूळ पुरुष' हे शब्द खोडलेले नाहीत. त्यापुढे फक्त आईचं नाव लिहिलं आहे. अर्ज बाद होऊ शकतो, हे तिला माहीत आहे. मुदत संपायला अजून तीन आठवडे आहेत आणि त्याआधीच्या रविवारी ती भावाकडे जाणार आहे.

तुमच्या आजीचं माहेरचं नाव तुम्हाला माहीत आहे का? नसेल, तर हा अंक बाजूला ठेवा आणि आधी कुणाला तरी विचारा. मग आम्हाला लिहा. स्पर्धेला पाठवलं असो वा नसो, लेखाची एक प्रत आमच्याकडे जरूर पाठवा. 'छापू नये' असं वर लिहिलंत, तर छापणार नाही. वाचू आणि जपून ठेवू.

– संपादक मंडळाच्या वतीनं